मँडोलिनचा आवाज कानाने तोलताना

दोन मँडोलिनं शेजारी ठेवून आळीपाळीने छेडली की फरक लगेच ऐकू येतो. पण तो कशाचा? एकावर आठवड्यापूर्वीच्या तारा असतात, दुसऱ्यावर गेल्या दिवाळीच्या. एकाची घोडी (तारा पेलणारी लाकडी पट्टी) तबलीवर, म्हणजे खोक्याच्या वरच्या फळीवर, नीट टेकलेली असते, दुसऱ्याच्या घोडीखाली एका टोकाला फट असते. शिवाय वाजवणारा एकावर नकळत जास्त जोर लावतो. हे सगळं तसंच ठेवून ‘लाकूडच भारी आहे’ असा निकाल दिला जातो. लाकडाचा, छिद्राच्या आकाराचा, आतल्या पट्ट्यांचा फरक असतोच. पण तो ऐकायचा तर आधी ज्या गोष्टी थोड्या पैशांत आणि तासाभरात बदलता येतात, त्या सगळ्या वाद्यांवर सारख्या कराव्या लागतात. म्हणून इथे निम्मं लिखाण ऐकण्याआधीच्या कामाबद्दल आहे.

कशाची तुलना कशाशी

सगळ्यांचं स्वरमेलन एकच, व्हायोलिनसारखं: जी (१९६ हर्ट्झ), डी (२९४), ए (४४०) आणि ई (६५९), प्रत्येकी दोन तारांचा जोड. घडण मात्र वेगळी. नेपल्सच्या परंपरेतलं मँडोलिन गोल पाठीचं, त्याची तबली घोडीच्या मागे किंचित वाकवलेली, आणि तारेची लांबी साधारण ३३ सेंटिमीटर. अमेरिकन वाद्यकार ऑर्व्हिल गिब्सनने व्हायोलिनसारखी कोरीव तबली आणली (त्याचं पेटंट १८९८ चं). त्या घराण्यातल्या वाद्यांची तारेची लांबी ३५ सेंटिमीटरच्या आसपास असते. आधीची लंबगोल छिद्राची होती. १९२२ मध्ये गिब्सन कंपनीत लॉइड लोअरच्या देखरेखीखाली एफ-५ हे मॉडेल आलं आणि f अक्षराच्या आकाराची दोन एफ-छिद्रं व तबलीच्या आतून लांबीच्या दिशेने बसवलेल्या दोन टोन-पट्ट्या रूढ झाल्या. ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या शैलीचा जनक बिल मन्रो याच्याकडे होतं ते १९२३ चं एफ-५, आणि ब्लूग्रासचा कान त्याच आवाजावर तयार झाला.

खांद्यावर नक्षीदार वेटोळं असलेलं एफ-धाटणीचं आणि नाशपातीच्या आकाराचं साधं ए-धाटणीचं, हा फरक डोळ्याला मोठा दिसतो. कानाला तो जवळपास नसतो. कानाला कळतो तो छिद्राचा फरक: लंबगोल छिद्राचं वाद्य बहुधा खर्जात भरीव आणि आस (आघातानंतर स्वर टिकणं) जास्त असलेलं, एफ-छिद्रांचं आघाताला चोख आणि लांबवर पोचणारं. तेव्हा ‘ए की एफ’ हा प्रश्न पैशांच्या हिशोबात ठेवावा.

आपल्याकडच्या दुकानांत प्लायच्या तबलीची, गोल किंवा लंबगोल छिद्राची स्वस्त वाद्यंही भरपूर दिसतात. त्यांना तुलनेत घ्यायला हरकत नाही. उलट एखादं असलं की कानाला मोजपट्टी मिळते. इलेक्ट्रिक मात्र बाजूला ठेवा. कर्नाटक संगीतातले वादक यू. श्रीनिवास यांचं पाच एकेरी तारांचं भरीव अंगाचं मँडोलिन घ्या. तिथे पिकअप आणि ॲम्प्लिफायर हाच अर्धा आवाज आहे आणि त्याची तुलना वेगळ्या रीतीने करावी लागते.

वाजवायचं काय, हेही आधी ठरवा. संगीतकार व मँडोलिनवादक सज्जाद हुसेन यांच्यासारखं रागसंगीत वाजवायचं तर एका आघातानंतर स्वर किती टिकतो हे पहिलं. हिंदी-मराठी गाण्यांतले तुकडे वाजवायचे तर ट्रेमोलो, म्हणजे एकाच स्वरावर भराभर केलेले सलग आघात, पहिला. ब्लूग्रास असेल तर चॉप, म्हणजे आघात करून लगेच दाबून टाकलेली ठोक्यासारखी कॉर्ड. एका कामाला उत्तम असलेलं वाद्य दुसऱ्या कामात मागे पडणं हा त्या वाद्याचा दोष नव्हे.

तारा, घोडी, हवा

सगळ्या वाद्यांवर एकाच कंपनीचा, एकाच जाडीचा संच एकाच दिवशी चढवा. कोरीव तबलीच्या वाद्यांसाठी फॉस्फर ब्राँझचा ०.०११, ०.०१५, ०.०२६, ०.०४० इंच हा मध्यम संच सोयीचा. डॅडारिओचा ईजे७४ म्हणजे हाच. घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते. त्यामुळे सगळ्या तारा एकदम काढू नका. एक जोड उतरवायचा, नवा चढवायचा, मग पुढचा. तासभर वाजवून, दोन-तीनदा सुरात लावून रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ऐका. कोऱ्या तारांची पहिल्या तासातली चमक सगळ्याच वाद्यांना एकसारखं झकपक करून टाकते.

गोल पाठीच्या वाद्यावर हा मध्यम संच कधीही चढवू नये. हलक्या तारांसाठी बांधलेली तबली त्या ताणाने बसते आणि दुरुस्ती वाद्याच्या किमतीपेक्षा महाग पडते. तिथे त्याच्या जोगा हलका संच लावा आणि नोंदवहीत स्पष्ट लिहा की या वाद्याच्या तारा वेगळ्या आहेत. अशी तुलना ‘प्रत्येक वाद्य आपापल्या योग्य तारांवर’ एवढीच खरी असते.

आता घोडी. कागदाची अरुंद पट्टी घेऊन घोडीच्या पायांच्या चारही कडांनी आत सरकवून बघा. कुठेही शिरली तर तिथे घोडी तबलीला टेकत नाही, आणि तेवढा आवाज तबलीपर्यंत पोचत नाही. दोष बहुधा पातळ, कोरड्या आवाजाच्या रूपाने ऐकू येतो आणि खापर लाकडावर फुटतं. उपाय म्हणजे तबलीवर बारीक पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून ठेवायचा आणि घोडी तिच्या नेमक्या जागी त्यावर मागेपुढे घासून पाय तबलीच्या बाकाला जुळवायचे. कधी केलं नसेल तर वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्या.

तारांची उंची बाराव्या पडद्यावर (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) मोजा. पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत जीला सुमारे १.८ मिलिमीटर, ईला १.४. सगळ्या वाद्यांवर या आकड्यांपासून ०.२ मिलिमीटरच्या आत राहा. तारा खाली असलेलं वाद्य जोराच्या आघाताला खरखरतं, वर असलेलं जास्त मोकळं बोलतं. दोन्ही गोष्टी तुलना बिघडवतात. दांडीचा बाक तपासताना जी तार पहिल्या पडद्यावर आणि दांडी जिथे खोक्याला मिळते तिथे दाबा. मधल्या पडद्यावर साध्या झेरॉक्सच्या कागदाएवढी फट हवी, म्हणजे ०.१ मिलिमीटर. शेवटी बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि त्याच जागी नुसत्या स्पर्शाने काढलेला हार्मोनिक जुळतात का ते पाहा. दाबलेला चढा येत असेल तर घोडी टेलपीसकडे (तारा जिथे अडकवतात त्या मागच्या टोकाकडे), उतरा येत असेल तर दांडीकडे केसभर सरकवायची.

घोडी आणि टेलपीस यांच्यामधला तारांचा तुकडाही वाजतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चॉप वाजवून बोटं उचलल्यावर जो झंकार मागे राहतो, त्यातला बराचसा तिथला असतो. खात्री करायची तर वाजवताना त्या तुकड्यावर बोट ठेवा. सगळ्या वाद्यांवर त्या जागी फेल्टची पट्टी गुंफा, नाहीतर कुठेच नको. टेलपीसचं पत्र्याचं झाकण सैल असेल तर काढून ठेवा.

हवेचं गणित महाराष्ट्रात दोन टोकांचं आहे. कोकणपट्टीत पावसाळ्यात लाकूड फुगतं, तबली वर येते, तारा उंचावतात, आवाज दबतो. नागपूरच्या उन्हाळ्यात उलट: तबली खाली जाते आणि पडदे खरखरू लागतात. एक वाद्य एसीच्या खोलीतून आणि दुसरं गाडीच्या डिकीतून आणून तुलना करू नका. सगळी वाद्यं पेट्या उघड्या ठेवून एकाच खोलीत किमान दोन दिवस, जमलं तर आठवडाभर ठेवा. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असेल तर उत्तम. तेवढी जमली नाही तरी सगळ्यांना एकच मिळाली पाहिजे.

जोड एकजीव झाला का

स्वरात लावण्यात घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. एका जोडातल्या दोन तारांत ५ सेंटचा (अर्ध्या स्वराच्या विसाव्या भागाचा) फरक राहिला तर ए जोड सेकंदाला सव्वा वेळा डोलतो, ई जोड जवळजवळ दोनदा. हा डोल कानाला ‘गुंजन’ म्हणून आवडतो देखील, आणि बेसूर वाद्य गोड ठरतं. क्लिप ट्यूनरवर हिरवा दिवा लागला की काम संपत नाही. आधी जोडातली एक तार ट्यूनरवर लावा, मग दोन्ही एकत्र छेडून दुसरी तार डोल पूर्ण थांबेपर्यंत खालून वर आणा. प्रत्येक फेरीआधी हे पुन्हा तपासा.

आघात सारखा कसा करायचा

वाजवणारा एकच, प्लेक्ट्रमही (तारा छेडायची पट्टी) एकच. १.४ मिलिमीटरच्या आसपासचं टणक घ्या. पातळ प्लेक्ट्रमचा स्वतःचा चटचटाट वाद्याच्या आवाजावर चढतो. आघाताची जागा घोडीपासून ८ सेंटिमीटरवर ठरवा आणि तबलीवर काढता येण्याजोग्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. आखूड तारेच्या नेपल्स घाटाच्या वाद्यावर तीच जागा प्रमाणात साडेसात सेंटिमीटरवर येते. दोन सेंटिमीटरचा फरकदेखील वाद्य बदलल्याइतका ऐकू येतो. विश्वास नसेल तर एकाच मँडोलिनवर करून पाहा.

जोर सारखा ठेवणं मात्र कुणालाच पूर्ण जमत नाही. दबलेलं वाद्य मिळालं की मनगट आपोआप जोर लावतं. यावर ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळांत एक साधी युक्ती वापरतात, ती घरीही जमते. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून ०.१ मिलिमीटर जाडीची एनॅमल चढवलेली तांब्याची तार आणा. वीतभर तुकडा कापून तो खुणेच्या जागी जोडातल्या दोन्ही तारांखालून घाला, दोन्ही टोकं एकत्र धरा आणि तबलीला समांतर, सावकाश ओढत जा. तांब्याची तार एका ठरावीक ताणाला तुटते आणि त्या क्षणी जोड सुटतो. प्रत्येक वेळी जवळजवळ त्याच जोराने. स्वर प्लेक्ट्रमपेक्षा मऊ येतो, पण मोकळ्या जोडांचा मोठेपणा आणि आस तोलायला याहून निःपक्षपाती हात नाही. प्रत्येक जोडाला तीन-तीन तुकडे वापरा, सरळ ओढायचा प्रयत्न करा, आणि तुटलेले तुकडे छिद्रातून आत पडू देऊ नका.

वाद्य धरण्याची पद्धतही ठरवून घ्या. पाठ पोटाला दाबली की आवाजाचा मोठा हिस्सा गिळला जातो. पाठीवर बसवायची तारेची जाळी वापरत असाल तर सगळ्या वाद्यांना वापरा.

काय वाजवायचं आणि काय ऐकायचं

पूर्ण गाणं वाजवू नका. कानाची आवाजाच्या रंगाची स्मृती फार थोडा वेळ टिकते, त्यामुळे तुकडा पाच ते आठ सेकंदांचा हवा आणि वाद्य बदलायला त्याहून जास्त वेळ लागू नये. मेट्रोनोम ८० वर ठेवा.

सुरुवात मोकळ्या जोडांनी: जी, डी, ए, ई, प्रत्येकी एक आघात, विझेपर्यंत थांबायचं. आस घड्याळावर मोजू नका, कारण शेवटची कुजबुज खोलीतल्या पंख्यावर अवलंबून असते. स्वर अर्ध्यावर कसा येतो ते ऐका, एकदम कोसळतो की हळूहळू उतरतो.

मग एकच स्वर तीन जागी. ए मोकळ्या ए जोडावर, तोच डी जोडाच्या सातव्या पडद्यावर आणि तोच जी जोडाच्या चौदाव्या पडद्यावर. त्यानंतर वरचा ई: मोकळा ई जोड, ए जोडाचा सातवा पडदा, डी जोडाचा चौदावा. सर्वात जास्त माहिती या परीक्षेत मिळते आणि दुकानात ती कुणी करत नाही. चांगल्या वाद्यात तिन्ही जागांचा रंग बदलतो, पण जोर आणि भरीवपणा साधारण तोच राहतो. सामान्य वाद्यात जीचा चौदावा पडदा घशात अडकल्यासारखा येतो. तारा जुन्या असोत की नव्या, ही उणीव लपत नाही.

तिसरी, पडदा न पडदा चढत जाणारी स्वरपंक्ती: मोकळ्या जीपासून ई जोडाच्या बाराव्या पडद्यापर्यंत, एकाच जोराने. एखादा स्वर अचानक फुगला किंवा बुजला तर खूण करा आणि तोच स्वर दुसऱ्या जोडावर काढून बघा. तिथेही तसाच येत असेल तर तो खोक्याच्या अनुनादाचा परिणाम. नाहीतर दोष त्या पडद्याचा किंवा तार बसते त्या खाचेचा.

चौथी, चॉप. जी कॉर्ड, जीपासून ईपर्यंत ७-५-२-३ पडद्यांवर. आघात करून बोटं लगेच सैल सोडायची. ‘टक्’ असा लाकडी, खालून भरलेला ठोका येतो की ‘छक्’ असा पत्र्याचा, ते ऐका. इथे एफ-छिद्रांची वाद्यं बहुधा पुढे असतात.

पाचवी, ट्रेमोलो: ए जोडाचा पाचवा पडदा, दहा सेकंद, अगदी हळू सुरू करून पूर्ण जोरापर्यंत आणि परत. सुरुवातीच्या हळू भागात वेगवेगळे आघात ऐकू येतात की स्वर सलग होतो? आणि जोर वाढवत नेल्यावर एका टप्प्यानंतर आवाज मोठा होणं थांबतं आणि नुसता कर्कश होतो, तो टप्पा कुठे येतो? स्वस्त आणि महाग वाद्यातलं खरं अंतर बहुतेक वेळा इथेच सापडतं. हळू वाजवताना दोन्ही सारखीच गोड असतात.

नोंदवताना ‘उबदार’, ‘मधाळ’ असले शब्द टाळा. त्यांचा अर्थ दर माणसागणिक बदलतो. आघाताचा चोखपणा, आस, खर्जाचा भरीवपणा, ई जोडाचा पातळपणा, तिन्ही जागांची समानता, जोराला मिळणारी दाद, एवढ्या सहा गोष्टींना १ ते ५ गुण द्या. एका बैठकीत एकाच गोष्टीकडे कान ठेवा. वीस मिनिटांनी दहा मिनिटं विश्रांती घ्या, कारण थकलेल्या कानाला झगझगीत वाद्य जास्त स्पष्ट वाटू लागतं.

न बघता ऐकणं

हेडस्टॉकवरचं (दांडीच्या टोकाच्या फळीवरचं) नाव दिसलं की कान त्याचं ऐकतो. व्हायोलिनवरचा प्रयोग यासाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे. क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये इंडियानापोलिसला २१ वादकांना काळे गॉगल लावून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली: तीन नवी, तीन जुनी इटालियन, त्यात दोन स्ट्राडिव्हेरियस, म्हणजे जगप्रसिद्ध कारागीर स्ट्राडिव्हारीची. लाकडाच्या जुनाट वासावरून ओळख पटू नये म्हणून हनुवटीच्या टेकणीला अत्तरही लावलं होतं. सर्वात जास्त पसंती एका नव्या वाद्याला मिळाली आणि सर्वात कमी एका स्ट्राडिव्हेरियसला.

घरी तीन माणसं पुरतात: वादक, श्रोता, नोंद ठेवणारा. श्रोता तीन मीटरवर पाठ करून बसतो. दोन वाद्यांना ‘क’ आणि ‘ख’ म्हणा. आधी क, मग ख, मग चिठ्ठीने ठरलेलं त्यातलंच एक. श्रोत्याने तिसरं कोणतं ते सांगायचं. अशा दहा फेऱ्या. वादकाने चकार शब्द बोलायचा नाही, वाद्य उचलताना पट्ट्याचा आवाजही यायला नको. नुसत्या अंदाजाने दहापैकी आठ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात पाच-सहा असते, नऊ किंवा जास्त येण्याची शंभरात एक. तेव्हा सहा-सात बरोबर आले तर फरक ऐकू येतो असं म्हणू नका. ओळख पटली तरच कोणतं आवडतं हे विचारण्यात अर्थ आहे. तीन वाद्यांच्या तीन जोड्या होतात, चारांच्या सहा, सहांच्या पंधरा. एका दिवसात चार वाद्यांच्या पुढे जाऊ नये.

नंतर श्रोत्याला सहा-सात मीटरवर बसवून हेच पुन्हा करा. जवळून भरगच्च वाटणारं वाद्य लांबून विरतं, असं पुष्कळदा होतं. फरशीच्या रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून बघा; झणझणाट ऐकू आला तर पडदे, गाद्या, सतरंज्या आणल्याशिवाय तुलना नको. वादकाचं मत वेगळ्या रकान्यात लिहा. त्याला दांडीच्या जाडीवरून वाद्य ओळखू येतं, आणि त्याच्या कानाला येणारा आवाज समोरच्याला येतो तो नसतोच.

ध्वनिमुद्रण करून ऐकायचं असेल तर

मायक्रोफोन ३० ते ४० सेंटिमीटरवर, दांडी खोक्याला मिळते तिकडे रोखलेला. छिद्रासमोर ठेवला तर खर्ज फुगतो. फोनवर मुद्रण करणार असाल तर आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद करता येईल असं ॲप घ्या. नाहीतर फोन लहान आवाज मोठा करून देतो आणि दोन वाद्यं सारखी होतात. ऐकताना फोनचा स्पीकर चालत नाही, कारण जीचा १९६ हर्ट्झचा मूळ स्वर तो धड काढूच शकत नाही. तारेचा हेडफोन लावा. मुद्रित तुकड्यांची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा. जरा मोठा तुकडा कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो. मात्र मूळ पातळीची प्रत जपून ठेवा. प्रत्यक्षात मोठं वाजणं हा त्या वाद्याचा गुणच आहे, आणि पातळी जुळवताना तो पुसला जातो.

दुकानात, अर्ध्या तासात

तिथे तारा बदलता येत नाहीत, तेव्हा चमकेवर निर्णय घेऊ नका. स्वतःचं प्लेक्ट्रम, ट्यूनर आणि कागदाची पट्टी घेऊन जा. घरचं मँडोलिन असेल तर तेही न्या. ओळखीचा आवाज जवळ असला की दुकानाची खोली किती रंग चढवते ते कळतं. प्रत्येक वाद्य आधी स्वतः स्वरात लावा, घोडीखाली पट्टी सरकवा, मग एक स्वर तीन जागी, चॉप आणि वाढता ट्रेमोलो, एवढंच. सोबत कुणी असेल तर पाठ करून वरच्यासारख्या दहा फेऱ्या करून घ्या. शेवटच्या दोघांत फरक ओळखता येत नसेल तर दांडी हाताला बसणारं घ्या. तिथेही बरोबरी असेल तर स्वस्त घ्या आणि उरलेल्या पैशांतून घोडी व खाचा नीट करून घ्या.